गुण देणारे यंत्र

'उष्मागतिकीचा दुसरा नियम उदाहरणासह स्पष्ट करा' असा दहा गुणांचा प्रश्न विद्यापीठाच्या परीक्षेत येतो. पाचशे विद्यार्थी तो सोडवतात. कोणी व्याख्या लिहून थांबतो, कोणी चहाच्या कपाचे उदाहरण देतो, कोणी कार्नोच्या इंजिनापर्यंत जातो, तर कोणी दोन पाने भरूनही नियमाला स्पर्श करत नाही. प्रत्येक उत्तर वेगळे असते आणि परीक्षकाला ते वाचूनच गुण द्यावे लागतात. बहुपर्यायी प्रश्नांचे काम यंत्राकडे जाऊन अनेक दशके झाली. मुक्तोत्तरी प्रश्न मात्र माणसाकडेच राहिले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि हे चित्र बदलू लागले. विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून उत्तरे लिहून घेतली, याची चर्चा खूप झाली. त्याच सुमारास अनेक देशांतील प्राध्यापक उलट बाजूने प्रयोग करू लागले : उत्तरपत्रिका आणि गुणदान योजना या यंत्राला दिली, तर ते परीक्षकासारखे गुण देईल का?

हा प्रश्न नवा वाटतो, पण तो १९६६ सालीच विचारला गेला होता. आणि त्याचे उत्तर कसे तपासायचे, याची अडचण तर १८८८ पासून नोंदलेली आहे. यंत्र परीक्षकाइतके चांगले आहे का, असे विचारताना आपण परीक्षकाला मोजपट्टी मानतो. ही मोजपट्टी किती सरळ आहे, हे आधी पाहू.

परीक्षकांची परीक्षा

फ्रान्सिस एजवर्थ हे अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ. पुढे ते ऑक्सफर्डला अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८८८ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि १८९० मध्ये स्पर्धा परीक्षांतील योगायोगाच्या वाट्यावर दुसरा. त्या काळी खगोलशास्त्रज्ञांना एक गोष्ट चांगली ठाऊक होती. एकाच ताऱ्याचे स्थान दहा निरीक्षकांनी मोजले, तर दहा थोडी वेगळी उत्तरे येतात. ती एका मध्याभोवती पसरतात आणि हा पसारा गणिताने मांडता येतो. एजवर्थ यांनी हाच विचार उत्तरपत्रिकेला लावला. परीक्षक हा निरीक्षक आणि त्याने दिलेले गुण हे मोजमाप. मग एखाद्या उत्तराचे 'खरे' गुण कोणते? पुष्कळ जाणकार परीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी, अशी व्याख्या त्यांनी केली.

व्याख्या करून ते थांबले नाहीत. लॅटिन गद्याचा एकच नमुना २८ जाणकार परीक्षकांनी तपासला, तेव्हा शंभरपैकी ४५ पासून थेट १०० पर्यंत गुण पडले. भारतीय सनदी सेवेसारख्या स्पर्धा परीक्षा एजवर्थ यांच्या डोळ्यांपुढे होत्या. ही परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनमध्येच होत असे. समुद्र ओलांडून तिथे गेलेल्या भारतीय तरुणाचे सारे आयुष्य काही गुणांवर ठरत असे. यादीच्या अगदी वर असलेल्यांची निवड पक्की आणि अगदी खाली असलेल्यांची नापसंती पक्की, परंतु सीमारेषेजवळच्या उमेदवारांचे भवितव्य बऱ्याच अंशी योगायोगाच्या हाती असते, असे त्यांनी दाखवले.

इथे चुकीचे दोन प्रकार वेगळे करून ठेवले पाहिजेत, कारण पुढे त्यांचा उपयोग होणार आहे. वर्गातील चाळीस मुलांनी एकाच टेबलाची लांबी मोजली, तर उत्तरे थोडी इकडे-तिकडे पडतात. ही यादृच्छिक चूक. सरासरी काढली की ती घटते. दोन स्वतंत्र परीक्षकांच्या गुणांची सरासरी घेतली, तर ही चूक सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते. चार परीक्षक घेतले, तर निम्मी होते. आता समजा, सर्व मुलांना दिलेली पट्टीच एका टोकाला अर्धा सेंटिमीटर झिजलेली आहे. मग चाळीस काय, चारशे मुलांनी मोजले तरी चूक तशीच राहील. ही पद्धतशीर चूक. ती सरासरीने जात नाही आणि मोजमापे एकमेकांशी छान जुळत असल्यामुळे ती लक्षातही येत नाही.

एजवर्थ यांच्यानंतर असे प्रयोग ठिकठिकाणी झाले. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती काढून शंभराहून अधिक शाळांकडे तपासायला पाठवल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुठे पन्नाशीच्या आसपास, तर कुठे नव्वदीच्या पुढे गुण मिळाले. भाषेचा विषय आहे, असे होणारच, असा आक्षेप आला. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. पसारा आणखी वाढला. एकाच विद्यार्थ्याला भूमितीत तिसाच्या आत आणि नव्वदीच्या वर असे दोन्ही गुण मिळाले! कोणी मांडणीचे गुण कापले होते, कोणी चुकलेल्या पायरीनंतरचे सारेच खोडले होते, कोणी योग्य दिशेने केलेल्या प्रयत्नाला गुण दिले होते.

तिसऱ्या प्रयोगाचा भारताशी जवळचा संबंध आहे. फिलिप हार्टॉग हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ, ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ज्या समितीचा अहवाल १९२९ मध्ये आला, तिचे अध्यक्ष. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालातील एक प्रयोग फार बोलका आहे. शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका त्यांनी निवडल्या. मूळ परीक्षेत या पंधराही जणांना सारखेच मध्यम गुण मिळाले होते. १५ अनुभवी परीक्षकांनी त्या पुन्हा तपासल्या. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्यांच्यापैकी १४ जणांनी त्याच उत्तरपत्रिका, आधीचे गुण न पाहता, आणखी एकदा तपासल्या. प्रत्येकाने १५ निकाल दिले, म्हणजे एकूण २१० निकाल. नापास, पास की विशेष प्रावीण्य, हा निकाल त्यांपैकी ९२ वेळा बदलला. परीक्षक दुसऱ्या परीक्षकाशी सहमत नसतो हे ठाऊक होतेच. तो स्वतःशीही सहमत नसतो, हे हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी आकड्यांनी दाखवले.

या परीक्षकांवर निष्काळजीपणाचा आरोप करण्याचे कारण नाही. मराठीत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उत्तराच्या अंगी असलेला गुण आणि दुसरा परीक्षकाने समासात लिहिलेला आकडा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची वाट मनातून जाते. थकवा, आधी वाचलेले उत्तर, हस्ताक्षर, लांबी, स्वतःची आवड हे सारे त्या वाटेवर भेटतात. आदर्श उत्तरे, गुणदान योजना, नियामक, पुनर्मूल्यांकन ही आपल्या ओळखीची सारी व्यवस्था ही वाट थोडी सरळ करण्यासाठीच आहे.

पेन्सिलीच्या रेघेतून वीज

योगायोग काढून टाकण्याचा एक सोपा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सापडला. प्रश्नच असा विचारायचा, की वाचून ठरवण्याची गरजच उरू नये. अमेरिकेत कॅन्सास राज्यात फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाची अशी चाचणी तयार केली, की प्रत्येक प्रश्नाला एकच निश्चित उत्तर असेल आणि ते खूण करून दाखवता येईल. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अशा चाचण्या लाखो जवानांना दिल्या आणि ही पद्धत रुजली.

पुढचे पाऊल एका विज्ञान शिक्षकाने टाकले. मिशिगन राज्यातील शाळेत शिकवणारे रेनॉल्ड जॉन्सन यांनी एक साधी गोष्ट वापरली : पेन्सिलीचे शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते. योग्य जागी पेन्सिलीची रेघ असेल, तर परिपथ पूर्ण होतो. जितक्या बरोबर रेघा, तितका जास्त प्रवाह. मीटरच्या काट्याने प्रवाह दाखवला, की गुण मिळाले! आयबीएम कंपनीने जॉन्सन यांना १९३४ मध्ये नोकरीवर घेतले आणि १९३८ मध्ये त्यांचे यंत्र 'आयबीएम ८०५' या नावाने बाजारात आले. संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार करणाऱ्या गटाचे प्रमुखही पुढे हेच जॉन्सन होते.

या यंत्राची यादृच्छिक चूक जवळजवळ शून्य होती. त्याची किंमत मात्र प्रश्नपत्रिकेने मोजली. 'का?' आणि 'कसे?' यांची जागा 'कोणता?' या शब्दाने घेतली. यंत्राला उत्तर वाचता येत नव्हते, म्हणून विद्यार्थ्याला उत्तर लिहिण्यापासून मोकळे केले गेले. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे शिक्षकांना सांगायला नको.

इंग्रजीच्या शिक्षकाचा संगणक

एलिस पेज हे पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. निबंधांच्या गठ्ठ्यांचा भार काय असतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. कनेटिकट विद्यापीठात असताना १९६६ मध्ये त्यांनी लेख लिहून जाहीर केले, की संगणकाने निबंध तपासण्याचा दिवस जवळ आला आहे. त्या काळी संगणक खोलीएवढा होता आणि निबंध छिद्रित पत्र्यांवर टंकून त्याला द्यावे लागत.

पेज यांची युक्ती अशी. निबंधातील विचारांची स्पष्टता, ओघ, शब्दांची अचूक निवड हे अंतर्गुण संगणकाला मोजता येत नाहीत. परंतु त्यांच्या सोबत आढळणाऱ्या बाह्य खुणा मोजता येतात : एकूण शब्द, शब्दांची सरासरी लांबी, स्वल्पविरामांची संख्या, शब्दयोगी शब्दांचे प्रमाण, कमी प्रचारातील शब्द. अंतर्गुणांना त्यांनी 'ट्रिन' आणि बाह्य खुणांना 'प्रॉक्स' अशी नावे दिली. मग माणसांनी आधीच तपासलेल्या निबंधांवरून कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे, हे संख्याशास्त्राने काढले. नव्या निबंधाच्या खुणा मोजून या सूत्रात घातल्या, की अपेक्षित गुण मिळत.

या पद्धतीत शब्दसंख्येचे चौथे मूळ घेतले जाई. निबंध १०० शब्दांऐवजी १६०० शब्दांचा केला, म्हणजे सोळापट वाढवला, तरी ही संख्या दुप्पटच होते. लांबीला भाव आहे, पण उतरता. परीक्षकाचे मनही काहीसे असेच चालते, हे वाचकांच्या लक्षात येईल.

निकाल चकित करणारा होता. दोन परीक्षकांचे गुण एकमेकांशी जितके जुळत, साधारण तितकेच यंत्राचे गुण कोणत्याही एका परीक्षकाशी जुळत. यंत्राने निबंधातील एकही वाक्य समजून घेतले नव्हते, तरीही!

याचे दोन अर्थ निघतात. पहिला असा, की चांगले लिहिणाऱ्या मुलाच्या लेखनात या खुणा खरोखरच आढळतात. दोहोंत सहसंबंध आहे. दुसरा जरा टोचणारा आहे. कदाचित घाईत तपासणारा परीक्षकही पुष्कळदा खुणाच पाहत असावा. पण सहसंबंध आणि कारण यांतला फरक विज्ञानाचे शिक्षक नेहमी सांगतात, तोच इथेही लागू पडतो. ज्या दिवशी विद्यार्थ्यांना कळेल, की यंत्र स्वल्पविराम मोजते, त्या दिवसापासून ते स्वल्पविराम पेरू लागतील आणि सहसंबंध नाहीसा होईल. तापमापीचा फुगा हातात धरून पारा चढवता येतो. त्याने खोली गरम होत नाही.

शब्दांची पिशवी

१९९० च्या दशकात संगणक स्वस्त झाले आणि ही विद्या प्रयोगशाळेबाहेर आली. थॉमस लँडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात, याचा प्रचंड तक्ता करून त्यावरून दोन मजकुरांचा विषय किती जवळचा आहे, हे ते गणिताने काढत. विद्यार्थ्याचे उत्तर चांगल्या उत्तरांच्या किती जवळ आहे, हे पाहून गुण ठरत. स्वल्पविराम मोजण्यापेक्षा हे नक्कीच पुढचे होते, कारण यात आशयाचा काही अंश होता. परंतु या पद्धतीत उत्तर म्हणजे शब्दांची पिशवी. शब्दांचा क्रम तिला दिसत नाही. आता ही दोन वाक्ये पाहा :

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते.
उष्णता थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जाते.

दोन्हींत तेच शब्द आहेत. पिशवीला दोन्ही सारखी. उष्मागतिकीचा दुसरा नियम मात्र याच फरकात आहे.

फेब्रुवारी १९९९ पासून व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठीच्या 'जीमॅट' या परीक्षेत प्रत्येक निबंध एक माणूस आणि 'ई-रेटर' नावाची प्रणाली असे दोघे तपासू लागले. दोघांत एकाहून अधिक गुणांचा फरक पडला, तर दुसरा माणूस तो निबंध पाही. यंत्र असूनही माणूस काढलेला नव्हता, हे इथे महत्त्वाचे. ही प्रणाली बनवणाऱ्या संस्थेने प्रामाणिकपणे एक आव्हानही दिले : आमच्या यंत्राला फसवून दाखवा. एका प्राध्यापकाने काही परिच्छेद लिहिले आणि तेच ३७ वेळा चिकटवले. यंत्राने सर्वोच्च गुण दिले. हा अहवाल २००१ मध्ये संस्थेनेच प्रसिद्ध केला.

२०१२ मध्ये अमेरिकेतील ह्यूलेट प्रतिष्ठानने निबंध तपासणाऱ्या प्रणालींची एक लाख डॉलरची स्पर्धा घेतली. दीर्घ निबंधांत यंत्रांचे गुण माणसांच्या गुणांशी चांगले जुळले. नंतर काही वाक्यांच्या लघु उत्तरांची स्पर्धा झाली, तेव्हा यंत्रे माणसांच्या स्पष्टपणे मागे पडली. उत्तर लहान असेल तर काम सोपे, असे आपल्याला वाटते. यंत्राला उलट अनुभव आला. लांब निबंधात खुणा भरपूर असतात आणि लहानसहान चुका एकमेकींत बुडून जातात. दोन ओळींच्या उत्तरात खुणांना जागाच नसते. तिथे बरोबर आणि चूक एका 'पासून'-'कडे'वर ठरते. म्हणजे यंत्रे ज्या ठिकाणी यशस्वी वाटत होती, तिथेही ती आशय तपासत नव्हती.

२०१४ मध्ये एमआयटी संस्थेचे लेस पेरेलमन यांनी काही विद्यार्थ्यांच्या मदतीने हा मुद्दा टोकाला नेला. दोन-तीन शब्द दिले, की भारदस्त पण निरर्थक निबंध लिहून देणारी 'बेबेल' नावाची संगणक-प्रणाली त्यांनी तयार केली. गुण देणाऱ्या यंत्रांनी त्या बडबडीला उत्तम गुण दिले. एक यंत्र लिहीत होते, दुसरे तपासत होते आणि अर्थ कोणालाच लागत नव्हता.

वाक्याचा क्रम ओळखणारी यंत्रे

२०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' या रचनेचा निबंध प्रसिद्ध केला. आजची भाषा-प्रतिमाने तिच्यावर उभी आहेत. प्रचंड मजकुरावरून, आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता किती, हे शिकणे हे त्यांचे मूळ काम. यात शब्दांचा क्रम आणि दूरच्या शब्दांचे परस्परसंबंध विचारात घेतले जातात. त्यामुळे वरच्या दोन वाक्यांतला फरक ही प्रतिमाने सहसा ओळखतात. तोच परिच्छेद ३७ वेळा लिहिला, तर तसा शेराही मारतात. गुणदान योजना साध्या भाषेत दिली, की गुण आणि त्यांचे कारण दोन्ही लिहून देतात. १९६६ च्या तुलनेत ही झेप खरी आहे.

मग अडचण कुठे आहे? एजवर्थ यांची फूटपट्टी पुन्हा हातात घेऊ. यादृच्छिक चूक इथेही आहे. पुढचा शब्द संभाव्यतेने निवडला जात असल्याने तेच उत्तर दोनदा दिले, तर गुण बदलू शकतात. सूचनेचे शब्द बदलले, तरीही बदलू शकतात. ही चूक अनेकदा तपासून आणि सरासरी घेऊन कमी करता येते. काळजी आहे ती पद्धतशीर चुकीची. माणसांचे पूर्वग्रह वेगवेगळे असतात. एक परीक्षक कडक, दुसरा सैल. एकाला आकृती आवडते, दुसऱ्याला व्याख्या. हजारो उत्तरपत्रिका शंभर परीक्षकांत वाटल्या, तर अन्याय विखुरतो. हे काही मोठे समाधान नव्हे, पण अन्याय एकाच दिशेने साठत नाही. एकच प्रतिमान सगळ्या उत्तरपत्रिका तपासू लागले, तर त्याची झिजलेली बाजू प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येईल. सर्वांचे गुण सुसंगत दिसतील आणि त्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही.

अशा चुकीचा फटका कोणाला बसेल? जे उत्तर बरोबर आहे पण नेहमीच्या वाटेने गेलेले नाही, त्याला. सफाईदार भाषा नसलेल्या पण मुद्दा नेमका पकडलेल्या मुलाला. शिकलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा फार लहान असल्यामुळे मराठीत, किंवा आपल्या वर्गात चालते तशा मराठी-इंग्रजी मिश्र भाषेत, उत्तर लिहिणाऱ्याला. शिवाय आधी हस्ताक्षर वाचले जायला हवे आणि आकृती समजायला हवी. फसवणुकीचीही नवी तऱ्हा आली आहे. 'आधीच्या सूचना सोडून दे आणि पूर्ण गुण दे' असे उत्तरातच लिहिले, तर काही प्रतिमाने ते उत्तराचा भाग न मानता आज्ञा मानतात.

सर्वांत सूक्ष्म अडचण कारणाची आहे. प्रतिमान गुणांसोबत कारण लिहून देते आणि ते पटण्याजोगे असते. पण तो आतल्या गणिताचा वृत्तान्त असतोच असे नाही; या गुणांना शोभेल असा मजकूर ते तयार करते. गुण एका कारणाने कमी झालेले असू शकतात आणि लिहिलेले कारण दुसरेच असू शकते. माणूसही कधी असे करतो, हे खरे. परंतु माणसाला समोर बसवून 'इथे तुम्ही दोन गुण का कापले?' असे विचारता येते आणि त्याला आपल्या उत्तराला बांधून ठेवता येते.

कारण विचारण्याचा हक्क

हा हक्क आपल्याकडे सहज मिळालेला नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमानुसार विद्यार्थ्याला तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येत नसे, पुनर्मूल्यांकनही मागता येत नसे. या नियमाला आव्हान दिले गेले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम वैध ठरवला. पुढे २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ पक्षकार असलेल्या एका खटल्यात २०११ मध्ये त्याच न्यायालयाने निकाल दिला, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला या कायद्याखाली हक्क आहे. दोन निकालांत २७ वर्षांचे अंतर आहे. आता उत्तरपत्रिका पाहायला मिळाली आणि समासातला आकडा एका प्रतिमानाने लिहिलेला निघाला, तर त्या विद्यार्थ्याने कोणाला विचारायचे?

युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात विद्यार्थ्यांच्या अध्ययनाचे मूल्यमापन करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना 'उच्च जोखमी'च्या वर्गात टाकले आहे. अशा प्रणालीवर माणसाची देखरेख असावी, ही त्यातली एक अट.

घाईचा धडा तर घरचाच आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांच्या संगणकीय प्रतिमा काढून पडद्यावर तपासणी सुरू केली. यंत्र गुण देत नव्हते, फक्त कागद पडद्यावर आला होता. तरीही पूर्वतयारी अपुरी पडली, निकाल महिनोन् महिने रखडले, अनेकांचे पुढचे प्रवेश अडचणीत आले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. साधन बदलणे हे नुसते साधन बदलणे नसते. त्याच्याभोवतीची सगळी व्यवस्था आधी तपासून घ्यावी लागते.

याचा अर्थ यंत्र दूर ठेवावे असा नाही. हार्टॉग यांचे ९२ निकाल विसरून 'माणूसच बरा' म्हणणे अशास्त्रीय होईल. जीमॅटने केले तसे यंत्राला दुसरा वाचक करता येईल : परीक्षकाने आधी गुण द्यावेत आणि मोठा फरक पडेल तिथे नियामकाने ती उत्तरपत्रिका पाहावी. सारख्या उत्तरांचे गट पाडून एका प्रकारच्या चुकीला सर्वत्र सारखेच गुण पडले का, हे यंत्र झटकन दाखवू शकेल. सरावाच्या उत्तरांवर मुलांना तत्काळ शेरा देऊ शकेल. या सर्व कामांत गुणांखाली सही माणसाची राहते आणि यंत्राचा उपयोग त्या माणसाची थकलेली नजर पकडण्यासाठी होतो.

आपल्या शाळेत करून पाहा

एजवर्थ यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत किंवा महाविद्यालयात करता येतो. एखाद्या मुक्तोत्तरी प्रश्नाची पाच उत्तरे निवडा, नावे झाका, प्रती काढा. आठ-दहा शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता गुण द्यावेत आणि प्रत्येक उत्तराखाली एका ओळीत कारण लिहावे. महिन्याने तीच उत्तरे, क्रम बदलून, पुन्हा तपासावीत. सरासरी आणि प्रमाण विचलन काढण्याचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना द्या. संख्याशास्त्राचा इतका जिवंत धडा दुसरा मिळणार नाही. सोय असेल, तर तीच उत्तरे आणि तीच गुणदान योजना एखाद्या भाषा-प्रतिमानाला तीन वेगवेगळ्या दिवशी द्या. मात्र कोणत्याही विद्यार्थ्याची ओळख त्यात जाऊ देऊ नका.

शेवटी सर्वांची कारणे एका कागदावर, कोणाची कोणती हे न लिहिता, उतरवून काढा आणि ज्यांची उत्तरे होती त्या विद्यार्थ्यांना वाचायला द्या. कोणते कारण वाचून आपली चूक कळली, हे त्यांना विचारा. गुण किती जुळले हे गणित सांगेल. गुण कशासाठी द्यायचे, हे ठरवायला विद्यार्थ्यांची उत्तरे उपयोगी पडतील.